ताईचं वजन

जाड माणसाची चेष्टा माझ्यासमोर करू नका, बुवा. ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. माझी थोरली बहीण, पळसदरीची सुमनताई, फार जाड होती. मधुमेह होता, झोपेत श्वास अडकायचा. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "हे हृदयावर जाईल. पोट लहान करायचं ऑपरेशन निघालंय. आपल्याकडे नवीन आहे, धोकाही आहे. आधी नेमकं वजन करून आणा, मग विचार करू." पुढे ताईनं घाबरून ऑपरेशन केलं नाही, ते सोडा.

वजनासाठी तिला कर्जतच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्याचे आकडेच संपले. कंपाउंडर सगळ्यांसमोर ओरडला, "ओ बाई, समोर भाताच्या गिरणीत जा! तिथं पोती मोजतात!" लोक हसले. तिथले डॉक्टरही हसले!

मी हात उगारणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. वजन तर पायजेच हाय." आणि खरंच गिरणीत गेली. तिथल्या म्हाताऱ्या मापाड्यानं हमालांना बाहेर काढलं, काट्यावर धुतलेलं पोतं अंथरलं आणि आकडा फक्त तिच्या कानात सांगितला.

ताई तडक दवाखान्यात परतली. डॉक्टर म्हणाले, "झालं? आता जरा कमी खा."

"डॉक्टर, वजन गिरणीत केलं. आता इलाज पन तिथंच घेऊ काय?"

तेव्हा कुठे डॉक्टर उठले आणि तिच्या छातीला नळी लावली. इतका वेळ ती नळी त्यांच्या गळ्यातच होती!