निळ्या दारामागचा पाएया

वालेन्सियातल्या खाटकाच्या दुकानात शिरताच विसेंताबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "रांगेत शेवटचं कोण?"

"मी," पुढची बाई म्हणाली आणि मैत्रिणीकडे वळली.

"तर त्या निळ्या दाराच्या घरात परदेशी पाहुणे येतात. 'अस्सल आजीच्या हातचा पाएया भात' शिकायला."

"मग बिघडलं काय?"

"काल खिडकीखालून गेले तर चोरिसोचा वास!"

"पाएयात लाल सॉसेज? शुद्धीवर आहेस ना?"

"माझं नाक शाबूत आहे अजून. ससा नाही, कोंबडी नाही, नुसता चोरिसो!"

"ती इथली नसणारच. माद्रिदहून आली असेल."

"मला तर ती आजी तरी आहे का, हीच शंका आहे."

"अगं, पाहुणेच मागत असतील."

"मागतील! म्हणून आईचा पाएया बाटवायचा? एकदा तोंड बघायचंय तिचं."

विसेंताबाईंचा नंबर आला. त्या दोघी शेजारीच पिशव्या भरत होत्या.

"अर्धा ससा द्या," विसेंताबाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या.

खाटकाचा सुरा हवेतच थांबला.

"ससा? म्हणजे आज पाहुणे नाहीत वाटतं?"