पहिल्या रांगेतली खुर्ची

तुरुंगाच्या फाटकाशी भेटीची रांग काही हलायला तयार नव्हती. भावाला भेटायला आलेल्या शिंपिणीच्या पुढ्यात एक सासू-सून उभ्या होत्या. त्यांच्या भांडणाला केव्हाच तोंड फुटलं होतं.

“प्रार्थनेनंतर तुझा नवरा पाहुण्यांसमोर बोलणार आहे. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय. आज तरी तोंड पाडून बसू नकोस.”

“बोलणार काय? मला कसं मारलं, तेच ना? त्याआधी मला एका शब्दानं विचारलं त्यानं?”

“पश्चात्ताप म्हणतात त्याला!”

“डोंबलाचा पश्चात्ताप! माझ्यासारखं किंचाळून दाखवतो तो, आई. हुबेहूब. आणि लोक टाळ्या वाजवतात.”

“रडतातसुद्धा! त्या प्रार्थनावर्गानं माणसात आणलं माझ्या पोराला. गुरुजी म्हणाले, असंच चाललं तर लवकर सुटेल. मागच्या खेपेला त्याचं ऐकून माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना. तू मात्र दगडासारखी बसलेली.”

“मी खरी किंचाळत होते, तेव्हा भिंतीपलीकडे तुम्हीच होतात ना? मग त्या दिवशी टीव्हीचा आवाज कुणी वाढवला?”