साहेबांनी खुर्ची दिली

बाबा : ...आणि मग साहेबांनी मला खुर्ची दिली. बस म्हणून हातानं खूण केली. एवढी वर्षं हॉटेलच्या चादरी धुतोय, ऑफिसातल्या खुर्चीला आज पहिल्यांदा पाठ लागली.

आई : अहो, पण बोलले काय ते सांगा की.

बाबा : इंग्रजीत बोलले. नवे साहेब, त्यांना कुठली आपली भाषा यायला? पण काय तो गोडवा. कीर्तनात बुवा चाल लावून सांगतात ना, तस्सा. शेवटी उठून हात मिळवला.

आई : धुलाई खात्याचा मुकादम करणार तुम्हाला. मी म्हणत नव्हते, देव सगळं बघत असतो?

मुलगी : आई, कौतुक मागाहून. बाबा, आधी माझ्यासमोर बसा. उद्या हॉटेलच्या कोर्सची तोंडी परीक्षा आहे, इंग्रजीतली.

बाबा : हा बसलो. आज खुर्च्यांचाच दिवस दिसतोय. कोण व्हायचं मी?

मुलगी : कामगार.

बाबा : हे बरंय. सोंग काढायला नको.

मुलगी : हसू नका. 'वाईट बातमी कशी द्यावी' असा धडा आहे. मी साहेब. वर्गात कायम मलाच कामगार करतात. सर म्हणतात, तुझ्या चेहऱ्याला शोभतं. उद्या पहिल्यांदा साहेब व्हायला मिळणार.

आई : सरांच्या चेहऱ्याला काय शोभतं, ते मी सांगितलं असतं.

मुलगी : आई, गप्प बस ना जरा. बाबा, माझ्याकडे बघा. तुम्ही नुसती मान हलवायची. 'वी आर ग्रेटफुल फॉर ऑल युअर इयर्स विथ अस. यू आर फॅमिली.'

बाबा : थांब. पुन्हा म्हण.

मुलगी : चुकलं का काही?

बाबा : चुकलं कुठं? ग्रेटफुल, फॅमिली. साहेब अगदी हेच म्हणाले. पुढं 'फ्यूचर' येतं का?

मुलगी : येतं.

बाबा : बघ, शब्दाला शब्द. मग याला वाईट बातमी का म्हणतात?

(आई गॅस बंद करते.)

आई : काय झालं गं? सांग त्यांना.

मुलगी : आधी गोड बोलायचं असतं, बाबा. आभार मानायचे, घरचे आहात म्हणायचं. माणूस नरम पडला की मग मुद्द्यावर यायचं. खुर्ची द्यावी, हेसुद्धा लिहिलंय पुस्तकात. उभा माणूस आवाज चढवतो म्हणे.

बाबा : म्हणजे मला काढलं.

मुलगी : हो.

बाबा : आणि मी 'थँक्यू सर' म्हणालो. एकदा नाही, दोनदा. मुकादम शेजारीच होता, जमिनीकडे बघत. मला वाटलं, जळतोय.

आई : घड्या घालायचं ते मशीन आलं, तेव्हाच मला शंका आली होती. असू दे. ज्यानं चोच दिली, तो चारा देईल.

बाबा : देईल गं. पण तो चारा याच लोकांच्या हातून येतो ना. पोरी, त्या धड्यात कामगारानं पुढं काय बोलायचं असतं?

मुलगी : एकच वाक्य आहे त्याला. 'आय अंडरस्टँड.'

बाबा : म्हणजे?

मुलगी : मला समजलं.

बाबा : मला तर तेवढंही समजलं नाही.

आई : मग तू जा उद्या यांच्याबरोबर. एवढी शिकलीस, बोल साहेबांशी.

मुलगी : काय बोलू? ऑर्डर घ्यायला येतं मला. गिऱ्हाइकाची माफी मागायला येतं. माणूस काढायलाही येतं. 'यांना काढू नका' हे कुठल्याच धड्यात नाही, आई.

बाबा : तिला परीक्षेला जाऊ दे. घरातलं एक तरी माणूस टेबलाच्या पलीकडे बसू दे.

मुलगी : तिथं बसून मी काढणार कुणाला? तुमच्यासारख्यालाच ना?

बाबा : काढ. पण त्याच्या भाषेत सांग.

मुलगी : मी येणार. साहेब लवकर येतात, परीक्षेआधी गाठू त्यांना. आत्ता तयारी करू. उलटं बसू या. साहेब तुम्ही, तुमच्या जागी मी.

बाबा : मला इंग्रजी कुठलं यायला?

मुलगी : आपल्या भाषेत बोला. 'उद्यापासून येऊ नकोस,' एवढंच म्हणा. त्यावर काय बोलायचं ते मी शोधते.

आई : म्हणा हो. सोंगच आहे.

बाबा : नाही जमायचं मला.

मुलगी : का?

बाबा : समोर तू बसलीयेस.