रूडीनंच वाजवलंय

...नाही, नाही, खुर्ची तिथंच राहू दे, जवळ सरकू नकोस. आणि ते रेकॉर्डिंगचं यंत्र आधी बंद कर. लाल दिवा गेला? दाखव. हां. आता बोल. पण आधीच सांगतो, तुला हवंय ते माझ्याकडे नाही. रेकॉर्डच्या पाठीवर काय छापलंय? बास गिटार – रूडी कोवाच. झालं! वाचता येतं ना तुला? मग डेटनपर्यंत गाडी हाकत कशाला आलीस या म्हाताऱ्याला उकरायला? मागे एक आला होता असाच, गोड गोड बोलणारा. पुस्तक लिहितो म्हणाला – पुस्तक कसलं, वकिलाचा माणूस निघाला! माझ्या बहिणीनं भाजलेला पीच फळांचा अख्खा केक खाऊन गेला मेला. तेव्हापासून मी कुणाला आत घेत नाही, व्हरांड्यातूनच वाटेला लावतो.

मी कोण? मी बोलावलं की जाऊन वाजवणारा माणूस. फंक संगीत तर आमच्या गल्लीतलंच – सकाळी चर्चमध्ये वाजवायचं तेच दुपारी जरा कंबर हलवून वाजवायचं. मग ती ॲक्रन गावची गोरी पोरं आली, ‘न्यू वेव्ह’ म्हणून नवं संगीत वाजवणारी, बारक्या टाय, डोळ्यांत काजळ, चेहरे असे की घरात मयत झालंय – त्यांच्याही रेकॉर्डवर वाजवलं. नाव कुठं नाही. नसतंच. बँड घरी गेला की निर्माता फोन करतो, मागच्या दारानं जायचं, वाजवायचं, परत यायचं आणि तोंडाला कुलूप. धंद्याचा रिवाज आहे तो. पण त्यांच्यातल्या रूडीच्या त्या गाजलेल्या गाण्यावर मी नव्हतो. नव्हतो म्हणजे नव्हतो.

काय? चुकून झालंय? तार छेडायची नखी निसटली रूडीच्या हातातून, म्हणून गाण्यात तसा आवाज आला? अगं, कुठल्या गाढवानं लिहिलंय हे? नखी नव्हतीच तिथं! अंगठा आहे तो, अंगठा! तारेवर असा आपटायचा आणि लगेच तळव्यानं तार दाबायची, वाजते न वाजते तोच गप्प करायची. मधे जी रिकामी जागा राहते ना, लोक नाचतात ते त्या जागेवर. रूडी नखीनं वाजवणारा, त्याच्या बापालाही जमलं नसतं ते. मी दुपारभर स्टुडिओच्या त्या काचेच्या खोलीत घामानं –

हसलीस. मी बघितलं. हे बघ, मी काही कबूल केलेलं नाही. कुणी पाठवलं तुला? रेकॉर्ड कंपनीनं?

रूडीची मुलगी? तू? लायसन्स दाखव... कोवाच. हं. हनुवटी त्याचीच आहे म्हणा. मग आल्या आल्या का नाही बोललीस? आता ऐक नीट. तुझ्या बापानंच वाजवलंय ते. आत्ता जे बडबडलो ते विसर. कार्यक्रमात लोक ओरडायचे त्याच्यावर, रेकॉर्डसारखं वाजव म्हणून, आणि त्याला जमेना. मग इथं यायचा, माझ्या तळघरात. अंगठ्याला फोड यायचे पोराच्या. अख्खा हिवाळा शिकवलं मी त्याला, आणि एक दिवस जमलं – माझ्यापेक्षा चांगलं जमलं, देवाशपथ! मग ते कुणाचं झालं? त्याचंच. त्याच दिवशी ठरवलं आम्ही, दोघांनी यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. मी नाही उघडलं. बायकोलाही नाही सांगितलं. ती बिचारी जाईपर्यंत म्हणत राहिली, ल्यूशस, तुझं एकही गाणं कधी रेडिओवर लागत नाही रे. आणि आमच्याच स्वयंपाकघरात रेडिओवर लागायचं ते गाणं, ती त्याच्यावर नाचायचीसुद्धा, आणि मी भांडी विसळत उभा. वाईट वाटायचं. वाटणारच की.

काय म्हणालीस? तो सांगायचा? घरी? तुम्ही लहान असल्यापासून? गाणं लागलं की गाडी कडेला घ्यायचा आणि... काय म्हणायचा? पुन्हा सांग. ‘गप्प बसा, ल्यूशस वाजवतोय.’ – खोटं. तुला कुणीतरी पढवून पाठवलंय. रूडीनं शब्द दिला होता मला... तुझ्या आईलाही माहीत होतं? शेजाऱ्यांनाही? म्हणजे सगळ्या ॲक्रनला माहीत, आणि माझ्या बायकोनं माझं काय घोडं मारलं होतं, की एकट्या तिलाच मी सांगितलं नाही –

ऊठ. नाही, तुझ्यावर नाही चिडलो. ऊठ म्हटलं ना. जा तू आता.