कापसाच्या उतारावर सोयरीक

हॅलो? … व्हय, मनकर्णाच बोलून राहिली. कोण, सुभद्रा? … काय म्हणते? फोनाचा शोध अजून लागलाच नाही? … बरं, लागला की पाहू त्याचं. तू दर्यापुरात बस अन् ऐक.

अगं, तुया भाचीचं, कौशल्याचं, लगन जुळते का मोडते तेच कळून नाही राहिलं … आले ना पाहुणे. अकोल्याचे नत्थुजी, होणारे व्याही. मांगं बैलबंड्या भरून बाया … हो, हो, पोरगी पाहाले अन् घसराले … अगं, परतवाड्याचा घाट चढला की आमचं गाव, तुया भाऊजीनं त्याचं हिवाळी खेळाचं ठिकाण नाही का केलं?

कोणा सायबानं सांगतलं, तिकडं डोंगरावर लोक फळीवर बसून बर्फावरून घसरतात. आमच्याकडं थंडी हाये, बर्फ नाही. मंग ह्याइनं उतारावर यंदाचा कापूस पसरला … साराच … माहीत हाये मले, अमेरिकेत लढाई हाये, तिकडचा कापूस अडला, आपला सोन्याच्या भावानं जाते. म्हणूनच लोकाइले घसराले सवड हाये, असं हे म्हणतात.

ऐक ना … पहिल्या घसरणीचा मान व्याह्याचा. नत्थुजी वर फळीवर बसून फेटा बांधून राहिले. खाली बाया. आपल्या बाईले भुईवर पडलेला कापूस पाहवते का? … नाही ना? एकीनं दही मागितलं … सीतादहीच. वेचणीच्या आधी दहीभाताचा निवद दाखवला, हात जोडले, ओट्या बांधल्या अन् लागल्या वेचाले. हे वरून सांगून राहिले, बाई, हा बर्फ हाये. त्या म्हणे, मंग तं लवकर वेचला पाहिजे, वितळून जाईन.

व्याह्याचा फेटा होईस्तोवर अर्धा उतार काळा … घसरले ना. वर बर्फ, खाली गोटे … नाही, हाडं शाबूत हायेत. फळी सापडून नाही राहिली.

कौशल्या? काय सांगू बाई, साऱ्याइच्या पुढं तीच. होणारा सासरा पायाशी येऊन पडला, अन् हिचा डोक्यावरचा पदर ओटीले … मी म्हटलं, गेली सोयरीक … बोलले, मंग बोलले. विचारतात, ही वेचणारी कोण? म्या म्हटलं, तुमी जिले पाहाले आले, तीच.

थांब … अगं, ते गोट्यावर बसले अन् आपली कार्टी त्याइच्या फेट्यातला कापूस वेचून राहिली … दोन्ही हातानं … मले काय माहीत मोडली का जुळली? थांब, ते काहीतरी सांगून राहिले तिले …

सुभद्रे, म्हणतात, "पोरी, कानामांगं राहिला थोडा."

ठेवते. येताना हळद घेऊन ये.