आत्या, तू चॅटवरून उठू नकोस

हॅलो?… हो आत्या, मृणालच. लालबागच्या घरी या वेळेला मीच सापडणार… बोल.

स्टार्टर कंपनीच्या चॅटवर आता चौथा माणूस?… म्हणजे सविताचं चॅटही बंद पडलं? अगं सकाळपासून तिसऱ्यांदा!… हो, हो… माहितेय. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी नाव-गाव पहिल्यापासून. मीसुद्धा थकले गं, उद्या केमिस्ट्रीचा पेपर आहे.

अगं ऐक ना, मोटर?… बंदच. नवा स्टार्टर अजून लॉक… आणि केळी दोन दिवस कोरडी. चारला शेताची लाईट जाईल ना? मग त्याच्या आत लॉक उघडायचा कोड मिळायला पाहिजे.

सविता अर्ध्या बोलण्यातून उठून गेली?… ती नाही गेली गं. कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाटलं, तूच गेलीस. तू दिसेनाशी झालीस की ते पाच मिनिटं वाट बघतं, मग सरळ तुझं पान उचलतं… जेवणाचं नाही, आत्या! चॅटचं!

बरं, हा नवीन कोण?… ललित. काय विचारतोय?… डब्यावरचा नंबर. मग लिही ना… मला विचारायला फोन लावलास?

थांब. सविताने मॉडेल विचारलं, तेव्हा काय केलंस?… मला फोन. आणि त्याच्या आधीच्या दोघांच्या वेळी?… मलाच. तिन्ही वेळा!

अरे देवा. आत्या, तुमच्या चांदनी गावात मोबाईलवर फोन चालू असला की नेट जातं! मतलब चॅट मीच बंद पाडतेय, सकाळपासून!

आपण किती वेळ बोलतोय? स्क्रीनवर बघ… चार मिनिटं दहा? फोन ठेव! ललित अजून असेल. नंबर दिसतो तसा लिही, चुकला तर चुकू दे… नाही, मला विचारायचं नाही. त्याने काहीही विचारलं तरी नाही… येतं तुला! भाऊबीजेची अख्खी यादी व्हॉट्सॲपवर कोण लिहितं?

ठेव… नाही, तू ठेव… हो, जेवले. वरण-भात… बाबाही जेवले… आत्या, चार मिनिटं चाळीस झाली!

तू कधीच आधी फोन ठेवणार नाहीस… रागावू नकोस हं. आज पहिल्यांदा तुझं बोलणं अर्धं सोडून मीच उठतेय. ठेवला!