गाळातली रेघ

मावशी : आता कोणाला शिव्या देते आहेस? प्रयोगशाळेत तर आपण दोघीच.

संशोधिका : या बाटलीला. तीन आठवडे झाले मावशी, पडद्यावर एक रेघ उमटत नाही. अँटिबॉडीच कुचकामी निघाली. कंपनीला तक्रार लिहिते आहे.

मावशी : एवढ्याशा बाटलीवर? आत थेंबभर पाणी दिसतंय.

संशोधिका : एकाच पेशीच्या लेकी-नाती ही बनवतात, म्हणून हिचा कण न् कण सारखा. हजारो प्रथिनांत ही एकच प्रथिन ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते; चिकटली की पडद्यावर तिथे रेघ. दुसऱ्या कोणाकडे ढुंकून बघत नाही.

मावशी : आमच्या ह्यांना दाखवायला हवी.

संशोधिका : हसू नका. उद्या चारला सर येणार. रेघ दाखवली नाही, तर माझं काम दुसऱ्या मुलीला जाणार. दोन वर्षं पाण्यात.

मावशी : मग ते प्रथिन तुझ्या नळीत नसेलच.

संशोधिका : असायलाच हवं. डीएनएला घट्ट धरून बसतं ते. मी पेशी फोडते, नळी यंत्रात गरगर फिरवते, वरचं पाणी घेते.

मावशी : आणि तळाचं?

संशोधिका : गाळ असतो तो. नळीबरोबर तुमच्याकडे येतो धुवायला.

मावशी : येतो ना, माझ्या नशिबी. बोलायचंच होतं. तुझ्या जुन्या कामाच्या नळ्या नळाखाली धरल्या की साफ व्हायच्या. या नव्यांत शेंबडासारखं काहीतरी बसतं. ब्रश घालून ओढला की हातभर तार येते. असतं तरी काय ते?

संशोधिका : डीएनए. लांबलचक असतो, म्हणून तार...

मावशी : म्हणून तार, मग काय?

संशोधिका : डीएनए गाळात आहे. म्हणजे त्याला धरून बसलेलंही गाळात. जुन्या प्रथिनाची कृती मी तशीच्या तशी वापरली. ते पाण्यात उतरायचं, हे उतरतच नाही.

मावशी : म्हणजे ही बिचारी तीन आठवडे खरं सांगत होती, ते इथे नाही म्हणून. आणि तू तिचीच चुगली करायला निघालीस.

संशोधिका : आता नव्या पेशी वाढवायला आठवडा जाईल. उद्या काय दाखवू?

मावशी : तो मोठा फ्रीजर उघड. खालचा कप्पा, मागे पिशवी आहे.

संशोधिका : या माझ्या परवाच्या सहा नळ्या, गाळासकट. धुतल्या नाहीत?

मावशी : परवा भिंतीवर पाटी कोणी लावली? 'नाव लिहिलेली नळी विचारल्याशिवाय टाकू नये, फ्रीजरमध्ये ठेवावी.' अक्षर अक्षर लावून वाचली मी. तू घाईत होतीस, विचारू कोणाला? ठेवून दिल्या.

संशोधिका : ती भरलेल्या नळ्यांसाठी होती, मावशी.

मावशी : तसं लिहिलेलं नाही.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजता.)

मावशी : आली का गं?

संशोधिका : आली. पाण्यातलं मीठ वाढवून प्रथिन गाळातून सोडवलं. ही बघा.

मावशी : एवढ्या खटाटोपाची एकच रेघ?

संशोधिका : एकच हवी होती.

मावशी : आणि ती तक्रार?

संशोधिका : फाडली. पाटीवर मात्र एक ओळ वाढवली आहे. वाचा.

मावशी : थांब, चष्मा लावते. 'गाळ... टाकण्याआधी... मावशींना... विचारावे.' अक्षर जरा मोठं काढायचं होतंस.